आठ जणांचं टेबल

जेरार ब्लिट्झ हे नाव फ्रान्स-बेल्जियममधल्या जुन्या पिढीला चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडे ते फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नसेल. पण समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये गेल्यावर एकदाच पैसे भरायचे, मनगटावर एक रंगीत पट्टी बांधून घ्यायची आणि मग नाश्ता, जेवण, चहा, पोहणं, खेळ, संध्याकाळची करमणूक यांपैकी कशासाठीही पाकिटाला हात लावायचा नाही, ही पद्धत आता तुमच्या-आमच्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. ती जगभर ज्यांच्यामुळे रुजली, त्यांत ब्लिट्झचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं. मी या माणसाच्या मागे का लागले, ते पुढे ओघात येईलच. आधी त्याची ओळख करून घेऊ.

ब्लिट्झचा जन्म १९१२ सालचा, बेल्जियममधल्या अँटवर्पचा. हिऱ्यांची पेठ म्हणून प्रसिद्ध असलेलं हे गाव. पुढच्या काळात आपल्याकडच्या कितीतरी गुजराती कुटुंबांनीही तिथं बस्तान बसवलं. ब्लिट्झचं घराणंही हिऱ्यांच्या व्यापारातलं, धर्मानं ज्यू. पण या घराला हिऱ्यांइतकंच वेड होतं पाण्याचं. वडील मॉरिस आणि काका जेरार हे दोघेही १९२० आणि १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये बेल्जियमच्या वॉटरपोलो संघातून रौप्यपदक जिंकून आलेले. काका आणि पुतण्याचं नाव एकच असल्यामुळे या दोघांची गल्लत अजूनही होते. आपला जेरार पुतण्या. तोही पोहण्यात आणि वॉटरपोलोत मुरलेला; पण त्याचं नाव झालं ते पदकामुळे नव्हे.

१९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या. ज्यू कुटुंबासाठी त्याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. ब्लिट्झनं त्या वर्षांत नाझींविरुद्धच्या छुप्या लढ्यात भाग घेतला. युद्ध संपलं तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. त्याच सुमारास त्याच्यावर एक वेगळीच कामगिरी येऊन पडली. छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या माणसांसाठी फ्रान्समधल्या आल्प्सच्या डोंगरांत एक केंद्र सुरू झालं होतं, ते चालवण्याची.

त्याच्या पुढच्या सगळ्या उद्योगाचं मूळ इथं आहे असं मला वाटतं. तिथं आलेली माणसं नुसती अशक्त नव्हती. कुणाचे आईवडील गेलेले, कुणाची मुलं गेलेली, परत जायचं तर घरी कुणीच नाही. अशा माणसाला औषध देता येतं, अन्न देता येतं. पण चारचौघांत बसून त्यानं पुन्हा घास घ्यावा, कुणाच्या तरी बोलण्यावर हसावं, हे औषधानं होत नाही. ब्लिट्झला तिथं दिसलं की ऊन, मोकळी हवा, शरीराला जमतील तेवढे खेळ आणि एका टेबलाशी बसून घेतलेलं जेवण या साध्या गोष्टींनी माणूस हळूहळू माणसांत येतो.

पुढचा धागा त्याच्या बहिणीकडून मिळाला. कोर्सिका बेटावर काल्वी गावाजवळ समुद्रकाठी तंबूंची एक वसाहत उभी राहिली होती. बहिणीचा तिच्याशी संबंध होता, म्हणून ब्लिट्झ तिथं गेला. तंबू, समुद्र आणि नुकत्याच संपलेल्या युद्धातून बाहेर येऊ पाहणारी तरुण मुलंमुली. त्यानं मनाशी ठरवलं, आपण असंच काही करायचं. २७ एप्रिल १९५० रोजी पॅरिसमध्ये एका संस्थेची नोंदणी झाली: क्लब मेडिटरेनियन. कंपनी नव्हे, संस्था. म्हणजे नफा हा हेतू नाही आणि येणारा माणूस गिऱ्हाईक नाही, सभासद.

त्याच उन्हाळ्यात स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथं पहिला तळ पडला. अमेरिकन लष्करानं मोडीत काढलेले तंबू, लष्करी खाटा, तंबूत विजेचा पत्ता नाही. पॅरिसहून आगगाडीनं आणि मग बोटीनं लोक तिथं पोहोचले. स्वयंपाकाला आणि भांडी घासायलाही पाहुण्यांनीच हात लावायचा. तरी पहिल्याच उन्हाळ्यात दोन हजारांहून जास्त माणसं येऊन गेली. तंबू पुरवणाऱ्या व्यापारी घराण्यातला एक तरुणही या प्रकारानं भारावून गेला. जिल्बेर त्रिगानो त्याचं नाव. त्याची गाठ पुढे पुन्हा पडेल.

एवढ्या गैरसोयीत माणसं आली कशाला? फ्रान्समध्ये कामगारांना पगारी सुट्टी कायद्यानं मिळाली ती १९३६ मध्ये, वर्षाला दोन आठवडे. मग युद्ध आलं, मग रेशनची वर्षं. हातात सुट्टी आहे, पण हॉटेल परवडत नाही, अशी कारकून, शिक्षिका, टंकलेखिका मंडळी शहराशहरांत होती. त्यांतली पुष्कळशी एकटी. ब्लिट्झनं त्यांना एकच आकडा सांगितला. प्रवास, राहणं, जेवण, खेळ, सगळं त्यात. नंतर बिल येणार नाही.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली आहेत, त्यामुळे या एका आकड्याकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. खिशातले पैसे माणसामाणसांत फार लवकर भिंत घालतात. चहा कोण मागवतो, कोण दोनदा विचार करून मागवतो, हे टेबलावरच्या सगळ्यांना कळत असतं. ब्लिट्झनं पैशाचा विषय पॅरिसमध्येच संपवून टाकला. जेवणाबरोबरची वाईनसुद्धा त्यात आली. बारमध्ये जास्तीचं काही हवं असलं तर त्यासाठी रंगीत मणी विकत घ्यायचे आणि गळ्यात घालायचे. पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतोच! त्याची दुसरी पत्नी क्लोदीन ताहिती बेटावर राहून आलेली होती. तिच्यामुळे तिथलं लुंगीसारखं वस्त्र आलं आणि ग्रीसमधल्या कोर्फू बेटावरच्या वसाहतीत तंबूंच्या जागी गवताच्या झोपड्या आल्या. साहेब आणि कारकून दोघेही त्याच वस्त्रात. फ्रेंचमध्येही आपल्यासारखा तू आणि तुम्ही असा भेद आहे. क्लबमध्ये सगळ्यांनी एकमेकांना तू म्हणायचं, नोकरांनीही पाहुण्यांना. नोकर हा शब्दच नव्हता. ते संयोजक, आणि जेवण वाढून झालं की पाहुण्यांच्याच पंगतीला बसायचे.

आणि टेबल आठ जणांचं. आपल्या आवडीचा कोपरा धरून बसायची सोय नाही. ज्या क्रमानं जेवायला याल त्या क्रमानं एकेक टेबल भरत जायचं. एकटा आलेला माणूस आपोआप सात जणांत बसला. झोपडीतही एकट्या बाईला दुसऱ्या एकट्या बाईची, एकट्या पुरुषाला दुसऱ्या पुरुषाची सोबत. त्यामुळे एकटं असणं हा खर्चाचाही विषय राहिला नाही आणि संकोचाचाही.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको. आषाढीला दिंडीबरोबर चालणारा वारकरी भिशी भरतो आणि मग पंढरपूरपर्यंत दोन वेळच्या जेवणाची चिंता करत नाही. घरून एकटा निघालेला असला तरी पंगतीला एकटा बसत नाही. समोरचा कोण, कुठला, हे विचारण्याआधीच तो माउली होऊन बसलेला असतो. ब्लिट्झला वारी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण माणसाची ही गरज त्यानं ओळखली होती.

आता माझ्याबद्दल थोडं. यजमान गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी दक्षिण गोव्यातल्या अशाच एका सगळं-आत रिसॉर्टमध्ये पाच दिवस एकटी राहिले. सोय चोख होती. खोलीतून समुद्र दिसत होता, जेवणाला वीस-पंचवीस पदार्थ, माणसं अदबीनं वागणारी. पण भाडं दोघांच्या हिशेबानं ठरलेलं. एकटीनं राहायचं तर जवळजवळ दीडपट. जेवणघरात दोघांची टेबलं, चौघांची टेबलं. मी बसले की वाढपी तत्परतेनं समोरचं ताट, काटे-चमचे उचलून न्यायचा. त्याचं काही चुकत नव्हतं, तशी त्याला शिकवणच होती. पण ते उचललेलं ताट मला रोज दिसायचं. तिसऱ्या दिवशी नाशिकच्या एका आजींनी आपल्या नातवंडांच्या टेबलावर मला बोलावून घेतलं, तेव्हा कुठं जेवण गोड लागलं. घरी आल्यावर या पद्धतीचा उगम शोधू लागले आणि ब्लिट्झ सापडला. ज्या पद्धतीत मी एकटी पडले होते, ती पद्धत एकट्या माणसासाठीच सुरू झाली होती, हे कळलं तेव्हा मी चकित झाले.

मग हे बदललं कसं? त्याचं उत्तर मला जमाखर्चात दिसतं. ब्लिट्झ मनानं उदार, हिशेबात कच्चा. त्याच्या योजनेत एक मोठी सोय होती. सभासदाचे पैसे आधी हातात यायचे आणि खर्च नंतर व्हायचा. कुठल्याही धंद्याला हेवा वाटावा अशी ही गोष्ट. पण हंगाम उन्हाळ्यापुरता आणि दर कमी, मग वर्षभराचा खर्च त्यातून कसा भागणार? १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लेझाँ इथं बर्फातली वसाहत काढून हिवाळ्याचा हंगाम जोडला, तरी कर्ज वाढतच गेलं. त्रिगानो १९५४ मध्ये क्लबच्या कामात आला होता. तो जातिवंत व्यापारी. त्यानं हिशेब ताब्यात घेतला. १९६१ मध्ये एदमाँ द रॉथ्सचाइल्ड या धनाढ्य बँकरानं मोठा हिस्सा घेऊन क्लब वाचवला आणि १९६३ पासून सूत्रं पूर्णपणे त्रिगानोकडे गेली. झोपड्यांच्या जागी पक्क्या इमारती आल्या, खोल्यांना कुलपं आली, मुलांसाठी वेगळी व्यवस्था आली, जगभर शाखा निघाल्या. त्रिगानोला दोष देण्यात अर्थ नाही. तो नसता तर क्लब पन्नाशीतच बुडाला असता आणि ब्लिट्झचं नाव आज कुणी घेतलं नसतं. मात्र पैसे देणारं कुटुंब मोठं गिऱ्हाईक ठरलं आणि एकटा माणूस हिशेबाच्या कडेला सरकला. जगभरच्या हॉटेलांनी या पद्धतीतून घेतली ती एकदाच भरायची रक्कम आणि न संपणारं जेवण. आठ जणांचं टेबल मागेच राहिलं.

ब्लिट्झच्या कल्पनेतही उणिवा होत्या, त्याही सांगायला हव्यात. सगळ्यांनी सतत हसतखेळत असलंच पाहिजे, हा आग्रह कित्येकांना जाचायचा. पैसे पॅरिसमध्ये भरलेले, त्यामुळे कुंपणाबाहेरच्या गावातल्या दुकानदाराच्या गल्ल्यात त्यातलं फारसं काही पडत नसे. अल्कुदियाच्या तंबूंत मोकळेपणाचे प्रयोग चालले होते, तेव्हा बाहेर जनरल फ्रँकोची हुकूमशाही होती आणि लोक गरिबीनं गांजलेले होते. आतली समता कुंपणापाशी थांबत होती. अशा रिसॉर्टांबद्दल हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो खोडून काढता येत नाही.

क्लबच्या कारभारातून बाजूला झाल्यावर ब्लिट्झनं काय केलं, हे वाचताना मला मौज वाटली. तो योगाकडे वळला. मद्रासला टी. कृष्णमाचार्य आणि त्यांचे चिरंजीव देशिकाचार यांच्याकडे तो शिकला. हे कृष्णमाचार्य म्हणजे आपल्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे गुरू आणि मेहुणे. युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतल्या योगसंघटनांना एकत्र बांधणारी जी युरोपीय संघटना झाली, तिच्या कामात ब्लिट्झनं आयुष्याची उरलेली वर्षं घातली. स्वित्झर्लंडमधल्या झिनाल या डोंगरी गावात दरवर्षी देशोदेशींचे योगशिक्षक जमू लागले. म्हणजे इथंही त्यानं माणसं जमवलीच! फक्त आता ती गाणीबजावणी करायला नव्हे, डोळे मिटून स्वस्थ बसायला जमत होती. १९९० मध्ये तो वारला. त्याचा क्लब २०१५ मध्ये एका चिनी उद्योगसमूहाच्या ताब्यात गेला.

माणसं एकटी पडू नयेत म्हणून अर्धं आयुष्य धडपडलेला हा माणूस उरलेल्या आयुष्यात स्वतःशी बसायला शिकवत होता. मला यात विसंगती दिसत नाही. जेवायच्या वेळी कुणीतरी आपली वाट बघणार आहे याची खात्री असली की दिवसभराचं एकटेपण सुखाचं होतं. गोव्यातल्या त्या तिसऱ्या दिवसानंतर मी रोज सकाळी तास-दीड तास किनाऱ्यावर एकटी चालायची आणि ते चालणं मला मनापासून आवडायचं.

आता घरोघरी एकटी माणसं वाढत आहेत. कुणाची मुलं परदेशी, कुणाचा जोडीदार गेलेला, कुणी लग्नच न केलेलं. त्यांना सुट्टी नको असते असं नाही. रिसॉर्टवाल्यांनी मनावर घेतलं तर जेवणघरात एखादं मोठं टेबल मांडायला फार खर्च येत नाही, हे मी बँकेतल्या अनुभवावर सांगू शकते. ते मांडलं जाईल तेव्हा जाईल. येत्या सुट्टीत तुम्ही कुटुंबासह कुठं गेलात आणि शेजारच्या टेबलाशी कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर वाढपी समोरचं ताट उचलायच्या आत त्यांना आपल्यात बोलवा. नको असेल तर ते तसं सांगतील. हवं असेल, तर ते स्वतः होऊन मागणार नाहीत.