काचेचे डॉक्टर : ऑटो शॉट

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या सेमिस्टरला सबमिशनसाठी मी सहा मजली हॉस्टेलचं ड्रॉइंग काढलं. जिन्याच्या दारांना काच दाखवली आणि बाजूला ऐटीत लिहिलं, टफन्ड ग्लास. मजबूत आहे म्हणजे आगीलाही चालेल, असा माझा हिशोब. सरांनी त्याला लाल पेनाने गोल केला आणि विचारलं की आग लागली तर ही काच किती मिनिटं टिकेल. मला उत्तर येईना. ते शोधायला लायब्ररीत बसले आणि तिथे मला ऑटो शॉट भेटले.

शॉट यांचा जन्म १७ डिसेंबर १८५१ चा, जर्मनीतल्या विटेन गावचा. वडील खिडक्यांच्या काचेच्या धंद्यात, त्यामुळे भट्टी लहानपणापासून ओळखीची. त्या काळी काच बनवणं म्हणजे सगळा अनुभवाचा मामला. कशात काय किती घालायचं हे बापाकडून मुलाकडे यायचं, पण काच बिघडली तर का बिघडली हे नीट कोणाला सांगता यायचं नाही. शॉट रसायनशास्त्र शिकले आणि खिडकीच्या काचेतल्या दोषांवर अभ्यास करून १८७५ मध्ये येना विद्यापीठाचे डॉक्टर झाले.

१८७९ मध्ये त्यांनी लिथियम घालून एक नवी काच वितळवली आणि तिचा नमुना येनाला एर्न्स्ट अबे यांच्याकडे पाठवला. अबे हे कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी मायक्रोस्कोपची भिंगं डिझाइन करायचे. त्यांचं गणित तयार होतं, पण त्या गणिताला हवी तशी काच बाजारात मिळत नव्हती. शॉट यांची ती काचही उपयोगी पडली नाही. आपण असतो तर जर्नल मिटून मेसला गेलो असतो! या दोघांनी मात्र काम चालू ठेवलं. १८८२ मध्ये शॉट येनाला राहायला आले. १८८४ मध्ये शॉट, अबे, झाइस आणि झाइस यांचा मुलगा रोडरिश यांनी मिळून तिथे काचेची प्रयोगशाळा काढली. तिथल्या नव्या काचांमुळे १८८६ मध्ये झाइसची रंगदोष जवळजवळ नसलेली मायक्रोस्कोपची भिंगं आली.

मग थर्मामीटरची पाळी. तेव्हाचा थर्मामीटर एकदा तापवला की नंतर बर्फात त्याचा शून्य खाली सरकायचा. काचेत सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही एकत्र असले की हा दोष वाढतो, हे शॉट यांना सापडलं. रोग कळला, औषध मिळालं.

त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे बोरॉन घातलेली बोरोसिलिकेट काच. साधी काच तापली की बरीच प्रसरण पावते. एक भाग गरम आणि दुसरा थंड राहिला की ताण येऊन ती तडकते. बोरोसिलिकेटचं प्रसरण साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून ताणही कमी. १८९० च्या दशकात या काचेच्या चिमण्या गॅसच्या दिव्यांवर बसल्या आणि खूप खपल्या. आपल्या केमिस्ट्री लॅबचा बीकर याच घराण्यातला.

१९१९ मध्ये शॉट यांनी कंपनीतला आपला हिस्सा कार्ल झाइस फाउंडेशनला देऊन टाकला. २७ ऑगस्ट १९३५ रोजी येनामध्येच त्यांचं निधन झालं. पुढे १९९३ मध्ये त्याच गावात बोरोसिलिकेटचे मोठे सपाट पत्रे फ्लोट पद्धतीने बनू लागले. अशी काच आज आगरोधक दारं-खिडक्यांतही वापरतात.

आता माझ्या लाल गोलाकडे येते. टफन्ड काच साध्या काचेपेक्षा जास्त तापमान सोसते, पण फुटली की अख्खी बारीक तुकडे होऊन खाली येते. मग धुराला जिना मोकळा. मला वाटलं, सोपं आहे, बोरोसिलिकेट लिहू! तेही चुकलं. ती काच ज्वाळा आणि धूर अडवते, तो ई वर्ग. पण उष्णता तिच्यातून आरपार येते. प्रमाणित चाचणीत भट्टी तासाभरात साधारण ९४५ अंशांवर जाते. अशा काचेजवळून मुलं उतरणार कशी? तिथे ईआय वर्ग लागतो. त्यात काचांच्या मध्ये तापल्यावर फुगणारा थर असतो आणि सुरक्षित बाजूचं सरासरी तापमान ठरलेल्या मिनिटांत १४० अंशांहून जास्त वाढू द्यायचं नसतं. शिवाय चौकट, सील आणि काच यांची चाचणी एकत्रच व्हावी लागते. चांगली काच साध्या चौकटीत बसवली की सगळं मुसळ केरात.

म्हणजे माझ्या जिन्याला शॉट यांची काच पुरली नाही, पण त्यांची पद्धत पुरली. काचेने काय सोसायचं आहे ते आधी ठरवा, मोजा, मग काच निवडा. दिसायला सगळ्या काचा सारख्याच पारदर्शक.

ड्रॉइंग मी दुरुस्त करून दिलं. तेव्हापासून हॉस्टेलचा जिना उतरताना दाराच्या काचेकडे बघायची सवयच लागली आहे. तिच्या कोपऱ्यात काही छापलंय का, एवढं तुम्हीही आज रात्री मेसला जाताना बघा.