दोनदा जेलमध्ये जाऊन आलेला माणूस गृहमंत्री झाला आणि मुंबई प्रांतात प्रोबेशनचा कायदा आला

समजा, गोंदिया जंक्शनवर 19 वर्षांच्या एका पोराला मोबाईल चोरताना पकडलं. त्याच्या नावावर आधीचा एकही गुन्हा नाही. केस चालली, चोरी सिद्ध झाली. आता कोर्टापुढे मुख्य रस्ते दोन. एक, त्याला जेलमध्ये पाठवायचं. दुसरा, नीट वागण्याची हमी लिहून घ्यायची, प्रोबेशन अधिकाऱ्याची नजर ठेवायची आणि त्याला घरी सोडायचं.

हा दुसरा रस्ता आज देशभर 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्यामुळे मिळतो. पण त्याच्या वीसेक वर्षं आधीच काही प्रांतांनी आपापले कायदे केले होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात. तिथला कायदा 1936 चा. मुंबई प्रांताचा कायदा आला 1938 साली.

मुंबईचा कायदा आला तेव्हा तिथल्या गृह खात्याच्या खुर्चीत बसलेला माणूस स्वतः जेल भोगून आलेला होता. त्यांचं नाव कन्हैयालाल माणेकलाल मुन्शी.

सोमनाथचं मंदिर, भारतीय विद्या भवन, घटना समिती, वनमहोत्सव अशा अनेक गोष्टींमुळे के. एम. मुन्शी लोकांना माहीत आहेत. गृहमंत्री मुन्शी मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत.

भडोचचा मुलगा, मुंबईचा वकील

मुन्शींचा जन्म 30 डिसेंबर 1887 चा, गुजरातमधल्या भडोचचा. कॉलेज बडोद्याला झालं. तिथं शिकवायला अरविंद घोष होते आणि त्यांचा तरुण मुन्शींवर मोठा प्रभाव पडला. पुढे मुन्शी मुंबईला आले, कायदा शिकले आणि 1913 पासून हायकोर्टात वकिली करू लागले.

दिवसा कोर्ट आणि उरलेल्या वेळात लिखाण. गुजरातीत त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या प्रचंड गाजल्या. 1926 साली त्यांनी लेखिका लीलावती यांच्याशी लग्न केलं. लीलावती विधवा होत्या, त्यामुळे त्या काळात या लग्नाची बरीच चर्चा झाली.

1927 साली ते मुंबई विद्यापीठाच्या मतदारसंघातून प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले. पुढच्याच वर्षी बारडोलीत शेतसाऱ्याविरुद्ध सत्याग्रह पेटला आणि मुन्शींनी राजीनामा दिला. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात नवरा-बायको दोघंही जेलमध्ये गेले. मुन्शींना सहा महिन्यांची शिक्षा झाली. 1932 साली पुन्हा अटक झाली आणि या वेळी शिक्षा होती दोन वर्षांची.

वकील म्हणून मुन्शींना कायद्याची पुस्तकातली बाजू पाठ होतीच. आता शिक्षेचा रोजचा दिवस कसा जातो, तेही त्यांनी आतून पाहिलं.

कैदी झाला गृहमंत्री

1937 च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस सरकार आलं. गृह खातं गेलं मुन्शींकडे. कालपर्यंत ज्या पोलिसांनी त्यांना पकडून नेलं, ते पोलीस आता त्यांच्या हाताखाली आले.

आता प्रोबेशनची गोष्ट. ही कल्पना जगाला दिली अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्या माणसानं. 1841 साली त्यानं कोर्टातून एका दारुड्याला स्वतःच्या जामिनावर सोडवलं, काही आठवडे त्याच्याकडे लक्ष दिलं आणि सुधारलेला माणूस पुन्हा कोर्टापुढे उभा केला. पुढे तो लहान मुलांनाही असंच सोडवू लागला. इंग्लंडनं 1907 साली प्रोबेशनचा कायदा केला.

भारतात 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 562 नंबरचं कलम होतं. पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची सोय त्यात होती. अडचण एकच. सोडलेल्या पोरावर लक्ष ठेवणारा, त्याला काम मिळवून देणारा, घरच्यांशी बोलणारा माणूसच त्या कलमात नव्हता. हमीचा कागद करायचा आणि मोकळं व्हायचं.

1931 साली भारत सरकारनं प्रोबेशनच्या विधेयकाचा मसुदा तयार केला, पण तो पुढे सरकला नाही. 1934 साली प्रांतांना कळवण्यात आलं की केंद्राचा कायदा इतक्यात होणार नाही, तुम्ही तुमचा करा. मग मध्य प्रांतानं केला आणि पाठोपाठ मुंबईनं.

मुंबईत जमीन आधीच नांगरलेली होती. 1924 साली मुलांसाठी वेगळा कायदा झाला होता, 1927 पासून चिल्ड्रन्स एड सोसायटी काम करत होती आणि 1936 साली नागपाड्यात समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था सुरू झाली होती. तीच आजची टिस. म्हणजे मुलांसोबत काम करणारी आणि ते काम शिकलेली माणसं शहरात तयार होत होती. त्यामुळे 1938 च्या कायद्यानं प्रोबेशन अधिकारी हे पद आणलं, तेव्हा ते नुसतं कागदावरचं पद नव्हतं.

मग मुन्शी मवाळ होते का?

अजिबात नाही. 7 नोव्हेंबर 1938 चं उदाहरण घ्या. खेर सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. गिरणगावात पोलिसांनी गोळीबार केला. गृहमंत्री म्हणून मुन्शींवर जोरदार टीका झाली. योगायोग असा की भारतीय विद्या भवनाची स्थापनाही त्याच तारखेची.

रस्त्यावर उतरलेल्या कामगारांशी कठोर वागणारं सरकार आणि पहिल्यांदा चुकलेल्याला संधी देणारं सरकार, दोन्ही एकच होतं. म्हणूनच प्रोबेशनकडे दयेचा कायदा म्हणून बघणं चुकीचं ठरतं. जेलमध्ये गेलेला कोवळा पोरगा सराईत गुन्हेगारांच्या संगतीत राहून बाहेर येतो आणि त्याचा त्रास पुढे समाजालाच होतो. या साध्या हिशेबावर तो उभा आहे.

1939 च्या अखेरीस काँग्रेस सरकारांनी राजीनामे दिले आणि मुन्शींचं मंत्रिपद गेलं. पुढे ते घटनेच्या मसुदा समितीत बसले, तेही आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली. 1948 साली हैदराबादमध्ये भारताचे प्रतिनिधी होते. केंद्रात अन्नमंत्री असताना 1950 साली त्यांनी वनमहोत्सव सुरू केला. 1952 ते 1957 उत्तर प्रदेशचे राज्यपाल राहिले. त्यांनी राज्यपालपद सोडलं, त्याच्या पुढच्याच वर्षी संसदेनं देशभरासाठी प्रोबेशनचा कायदा केला. 8 फेब्रुवारी 1971 रोजी मुन्शींचं निधन झालं.

आज या कायद्याचा उपयोग काय?

18 वर्षांखालच्या मुलांसाठी बाल न्याय कायदा आहे. त्यापुढच्यांसाठी 1958 चा कायदा कामी येतो. किरकोळ गुन्ह्यात कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकतं. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडता येतं. ज्याचं नुकसान झालं, त्याला भरपाई द्यायला लावता येते.

सगळ्यात महत्त्वाचं आहे कलम 6. आरोपी 21 वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर कोर्टानं आधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचार करायचा. तरीही जेलच द्यायची असेल, तर का, याची कारणं लिहायची. आणि कलम 12 नुसार, प्रोबेशनवर सुटलेल्याला केवळ दोषी ठरल्यामुळे कायद्यानं येणारी अपात्रता लागत नाही. पोलीस भरती, सरकारी नोकरी यांची स्वप्नं बघणाऱ्या पोरांसाठी ही ओळ फार मोलाची आहे. अर्थात गुन्हा लपवायची मुभा ती देत नाही आणि नोकरी मिळेलच याची हमीही देत नाही.

बंधपत्राच्या अटी मोडल्या, तर कोर्ट परत बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. म्हणजे पोरगा सुटतो, पण मोकाट सुटत नाही.

त्यामुळे ओळखीतला कुणी पोरगा पहिल्यांदाच अशा केसमध्ये अडकला, तर घरच्यांनी वकिलाला विचारायचा प्रश्न साधा आहे. प्रोबेशनचा अर्ज करता येईल का? वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. गोंदियातही.