विल्बर राइट आणि विमानाचे शेपूट

विल्बर राइटचे नाव आपल्या ओठांवर येते ते जोडीनेच, राइट बंधू म्हणून. मला त्यातला थोरला वेगळा पाहावासा वाटला. १८६७ साली अमेरिकेत जन्मलेला हा धर्मोपदेशकाचा मुलगा कॉलेजात गेलाच नाही. खेळताना तोंडावर मार बसून प्रकृती ढासळली, बेत राहून गेला. पुढे धाकट्या ऑर्व्हिलबरोबर त्याने डेटन गावी सायकलींचे दुकान काढले आणि तिथेच लाकूड-कापडाची ग्लायडर्स बनवली.

१९०२ च्या ग्लायडरला त्यांनी प्रथमच उभे शेपूट लावले, पण ते पक्के बसवलेले. वळताना यंत्र कधीकधी खालच्या पंखाकडे घसरे आणि पंखाचे टोक किटी हॉकच्या वाळूत रुते. या प्रकाराला ते गमतीने विहीर खणणे म्हणत. एका रात्री ऑर्व्हिलला झोप लागली नाही. सकाळी त्याने शेपूट हलते करावे असे सुचवले. थोरला मोडता घालणार, अशी त्याची अटकळ होती. (आमच्या घरी तरी तसेच झाले असते!) विल्बरने मात्र ते मानले, वर भर घातली : पंख पिळणाऱ्या तारांनाच शेपूट जोडायचे. पालथ्या पडलेल्या चालकाने कंबर सरकवली की दोन्ही कामे एकदम होत. ग्लायडर ताब्यात आले.

१७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनासह पहिले उड्डाण ऑर्व्हिलने केले, १२ सेकंदांचे. सर्वांत लांबचे विल्बरने, ५९ सेकंदांचे. याच जोडणीच्या पेटंटापायी त्याची अखेरची वर्षे कोर्टकचेऱ्यांत गेली. १९१२ साली विषमज्वराने तो वारला, पंचेचाळिसाव्या वर्षी.