कार्डिनल बर्नार्डिन: रुग्ण आणि मेंढपाळ

अमेरिकेतील शिकागो महाधर्मप्रांताचे आर्चबिशप कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे १९९५ च्या जून महिन्यात निष्पन्न झाले. त्यांचे वय तेव्हा ६७ होते. इटलीहून स्थलांतर करून आलेले, दगड घडविणारे त्यांचे वडील कर्करोगानेच वारले होते. त्या वेळी जोसेफ अवघे सहा वर्षांचे होते. शिवणकाम करून आईने मुलांना वाढविले.

१२ जून रोजी मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढे किरणोपचार व केमोथेरपी सुरू झाली. चालता येऊ लागताच ते शेजारच्या खोल्यांतील रुग्णांना भेटू लागले. स्वतःचे उपचार आटोपले की लगेच घरी न परतता ते इतर कर्करुग्णांशी बोलत बसत. ज्यांच्यासाठी नित्य प्रार्थना करावयाची, अशा रुग्णांची त्यांची यादी शेकड्यांत गेली. कित्येकांना ते पत्रे लिहीत, दूरध्वनी करीत. वीस लाखांहून अधिक कॅथॉलिक भाविकांचा भार शिरावर असताना हे चालले होते, हे विशेष!

याचा अर्थ ते सदैव प्रसन्न होते असा नव्हे. कित्येक वर्षे दिवसाचा पहिला तास प्रार्थनेला देणाऱ्या या धर्मगुरूला इस्पितळात वेदनांमुळे प्रार्थनाच जमेना. हे त्यांनी लपविले नाही. उलट प्रकृती ठीक असतानाच प्रार्थनेची सवय लावून घ्या, असे ते भेटीस येणाऱ्यांना सांगत. संतचरित्रांतून सहसा न आढळणारी ही कबुली मला फार मोलाची वाटते.

ऑगस्ट १९९६ च्या अखेरीस कर्करोग यकृतात पसरल्याचे कळले. शस्त्रक्रिया अशक्य होती. दोनच दिवसांनी त्यांनी पत्रकारांना बोलावून हे स्वतः जाहीर केले. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते त्यांनी ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सन्मान स्वीकारला. त्याच महिन्यात मृत्युदंडाच्या छायेतील एका कैद्याने बोलावले, तेव्हा ते तुरुंगात जाऊन त्याला भेटले. ख्रिस्तसभेतील मतभेद संवादाने मिटावेत म्हणून त्यांनी नुकताच एक उपक्रम आरंभिला होता. त्याच्या व्यासपीठावरून २४ ऑक्टोबरला त्यांनी भाषण केले.

त्याच सुमारास त्यांनी केमोथेरपी थांबविली होती. ऑक्टोबरअखेर कार्यालयीन कामही सोडले. मृत्यूच्या जेमतेम आठवडाभर आधी मात्र सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून, रुग्णाला आत्महत्येस वैद्यकीय साहाय्य मिळण्याचा हक्क मान्य करू नये, अशी विनंती त्यांनी केली. १४ नोव्हेंबर १९९६ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. शेवटच्या दिवसांत लिहून पुरे केलेले ‘द गिफ्ट ऑफ पीस’ हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.