हॅरिएट पॉवर्सची गोधडी

मुलांनो, तुमच्या घरात एखादी जुनी गोधडी नक्की असेल. तुमच्या नानीने किंवा दादीने ती शिवली असेल. अम्मीची विटलेली ओढणी, अब्बांचा फाटलेला सदरा, तुमच्या लहानपणीचा आखूड झालेला झगा असे कितीतरी तुकडे त्या गोधडीत एकमेकांशेजारी बसलेले असतात. तुम्ही तिला गुदडी म्हणत असाल, कोणी रजाई म्हणत असेल. नाव कोणतेही असो, ती बाजारातून आणलेली नसते. घरातल्या चिंध्यांतून ती तयार होते आणि तिच्यासाठी खर्च होतो तो फक्त सुई-दोऱ्याचा.

अशाच गोधड्या शिवणाऱ्या एका बाईची गोष्ट आज तुम्ही वाचणार आहात. ती आपल्या देशातली नव्हती, अमेरिकेतली होती. तिचे नाव हॅरिएट पॉवर्स. तिच्या दोन गोधड्या आज अमेरिकेतील दोन मोठ्या संग्रहालयांत आहेत. दूरदूरचे लोक त्या पाहायला जातात.

हॅरिएटचा जन्म 29 ऑक्टोबर 1837 रोजी जॉर्जिया राज्यात, अथेन्स या गावाजवळ झाला. अथेन्स म्हटल्यावर तुम्हांला ग्रीस देश आठवेल. पण हे अथेन्स अमेरिकेतले आहे. जॉर्जिया हा कापसाचा मुलूख. आपल्या विदर्भात दिसतात तशी तेथे कापसाची शेते होती. मात्र त्या शेतांत राबणारी माणसे मजूर नव्हती, गुलाम होती. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेले होते. गुलामाला मजुरी मिळत नसे. मालक त्याला बैलासारखा विकू शकत असे. आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे, असेही होई. हॅरिएट अशाच गुलाम घरात जन्मली. जन्मली त्या दिवसापासून ती दुसऱ्याच्या मालकीची होती.

त्या राज्यात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. शिवणकामाला मात्र बंदी नव्हती, कारण शिवणकाम मालकाच्या उपयोगाचे होते. गुलाम बायका मालकाच्या घरातले कपडे शिवत, फाटलेले सांधत, पलंगपोस तयार करत. रात्री आपल्या खोपटात त्या स्वतःच्या मुलांसाठी उरल्यासुरल्या कापडाच्या गोधड्या शिवत. अशा बायकांमध्येच हॅरिएट वाढली आणि तिच्या हाती सुई आली.

1855 मध्ये तिचे लग्न आर्मस्टेड पॉवर्स याच्याशी झाले. तिला बरीच मुले झाली. त्यांतली काही लहानपणीच वारली. पुढे 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ते चार वर्षे चालले. 1865 मध्ये युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने बंद झाली. हॅरिएट तेव्हा 28 वर्षांची होती.

स्वातंत्र्य मिळाले, पण त्याबरोबर जमीन मिळाली नाही, पैसा मिळाला नाही. नवरा-बायकोने वर्षानुवर्षे कष्ट केले. अखेर 1880 नंतर त्यांच्या नावावर चार एकर जमीन झाली. चार एकर म्हणजे काही मोठी शेती नव्हे. पण जिला एके काळी स्वतःचे शरीरही स्वतःचे म्हणता येत नव्हते, तिच्या दृष्टीने ती केवढी असेल याचा तुम्हीच विचार करा.

याच काळात हॅरिएटने आपली प्रसिद्ध गोधडी शिवली. ती कशी शिवली ते आता पाहू.

आपल्याकडे गोधडीत कापडाचे थर एकावर एक ठेवून बारीक धावदोरा घालतात. अमेरिकेतल्या गोधडीतही तीन थर असतात. खाली अस्तर, मध्ये पिंजलेला कापूस आणि वर शोभेचे कापड. टाके तिन्ही थरांतून आरपार जातात, म्हणून कापूस सरकत नाही. हॅरिएटने वरच्या कापडावर आणखी एक काम केले. तिने रंगीत तुकड्यांतून माणसे, प्राणी, पक्षी, सूर्य, चंद्र आणि तारे कापले आणि ते कापडावर ठेवून त्यांच्या कडा शिवून टाकल्या. काही टाके हाताने घातले, काही शिवणयंत्रावर. कागद नाही, रंग नाही, कुंचला नाही. चिंध्यांनीच तिने चित्रे काढली.

पश्चिम आफ्रिकेत दाहोमी नावाचे राज्य होते. आज त्या भागाला बेनिन म्हणतात. तेथेही कापडावर कापडाच्या आकृत्या शिवून चित्रे करण्याची रीत होती. हॅरिएटची चित्रे त्या चित्रांशी मिळतीजुळती आहेत, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, हल्याळ आणि यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी लोक राहतात. त्यांचेही पूर्वज आफ्रिकेतूनच आले. तेथील बायका जुन्या साड्यांच्या तुकड्यांची कवंद नावाची सुंदर गोधडी शिवतात. गाठीला काही न घेता परमुलखात आलेल्या माणसांनी सुईतली कला मात्र टिकवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हॅरिएटची ही पहिली गोधडी सुमारे सव्वासहा फूट रुंद आणि साडेसात फूट लांब आहे. तिच्यावर 11 चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत बायबलमधली एक कथा आहे. यांतल्या काही कथा तुम्हांलाही ठाऊक आहेत. पहिल्याच चौकटीत आदम आणि हव्वा आहेत. त्यांच्या भोवती हत्ती, उंट, शहामृग असे प्राणी आहेत आणि जवळच सापही आहे. गंमत अशी, की या चित्रात पाय आहेत ते फक्त सापाला! पुढे काबील आणि हाबील या दोन भावांची कथा आहे. भावाने भावाला मारले, तेथे रक्ताचा ओघळही कापडातूनच दाखवला आहे. आणखी एका चौकटीत याकूब यांना पडलेले स्वप्न आहे. शेवटच्या चौकटींत ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेप्रमाणे येशूच्या जीवनातले प्रसंग आहेत. येशूला पकडून देण्यासाठी एका शिष्याने चांदीची 30 नाणी घेतली, अशी ती कथा आहे. हॅरिएटने ही चांदीची नाणी हिरव्या कॅलिकोची केली आहेत. चांदीच्या रंगाचे कापड तिच्याजवळ नसेल, तर ती दुसरे काय करणार? जो तुकडा हाताशी होता तोच तिने कामी आणला. कॅलिको म्हणजे साधे सुती कापड. हा शब्द आपल्या कालिकत बंदराच्या नावावरून तयार झाला आहे.

1886 मध्ये अथेन्स येथे कापसाची मोठी जत्रा भरली. शेतकऱ्यांनी आपला माल मांडला होता. तेथे हॅरिएटची गोधडीही टांगलेली होती. जेनी स्मिथ नावाची एक गोरी चित्रकार त्या गावातल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत असे. ती जत्रेत आली होती. गोधडी पाहून ती जागीच थांबली. असे काम तिने कधी पाहिले नव्हते. तिने चौकशी करून हॅरिएटचे घर शोधून काढले आणि गोधडी विकत मागितली. हॅरिएटने नकार दिला. कितीही पैसे दिले तरी ती विकायची नाही, असे तिने सांगितले.

त्यानंतर चार-पाच वर्षे गेली. दिवस वाईट आले. घर चालेना. ज्या जमिनीसाठी इतकी वर्षे काबाडकष्ट केले, तिचेही तुकडे विकायची वेळ येऊ लागली. तेव्हा हॅरिएटने जेनीकडे निरोप पाठवला, की गोधडी द्यायला मी तयार आहे. नेमके त्या वेळी जेनीकडे पैसे नव्हते. पुढच्या वर्षी, म्हणजे 1891 मध्ये, जेनीने उलट निरोप दिला.

हॅरिएट बैलगाडीतून आली. गोधडी तिच्या मांडीवर होती. तिने ती पिठाच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळली होती आणि वरून गोणपाट घातले होते, म्हणजे रस्त्याची धूळ लागू नये. तिने 10 डॉलर मागितले. जेनीने आपल्याकडे पाचच डॉलर असल्याचे सांगितले. हॅरिएट बाहेर गेली. बाहेर तिचा नवरा उभा होता. दोघांनी विचार केला. दिवस इतके कठीण होते, की पाच डॉलरही सोडून चालणार नव्हते. ती आत आली आणि तिने गोधडी जेनीच्या हाती दिली.

पण ती लगेच उठून गेली नाही. तिने एकेका चौकटीवर बोट ठेवून त्यातली कथा जेनीला समजावून सांगितली. जेनीने ते सगळे लिहून ठेवले. तुम्ही म्हणाल, जेनीने एवढी सुंदर वस्तू फार स्वस्तात घेतली. मलाही तसेच वाटते. मात्र तिच्या टिपणामुळेच त्या चित्रांचा अर्थ आज आपल्याला कळतो, हेही खरे आहे.

यानंतर हॅरिएट अनेकदा जेनीच्या घरी गेली. ती जायची ते आपली गोधडी पाहण्यासाठी. लग्न होऊन गेलेल्या मुलीला भेटायला आई जाते, तशी ती जात असे. तिला झालेले दुःख पाहून जेनीने तिला एक वचन दिले. आपल्याकडे उरणारे कापडाचे सगळे तुकडे तिच्यासाठी जपून ठेवीन, असे ते वचन होते. ते ऐकून हॅरिएटला थोडे समाधान वाटले. शिवणारीला तुकड्यांची किंमत ठाऊक असते.

1895 मध्ये अटलांटा शहरात एक मोठे प्रदर्शन भरले. जेनीने ही गोधडी तेथे मांडली आणि हजारो लोकांनी ती पाहिली. त्याच सुमारास हॅरिएटचा नवरा घर सोडून निघून गेला. ती एकटी राहिली. वय साठीकडे झुकले होते. तिने पुन्हा लग्न केले नाही. सुईच्या बळावर ती आपले पोट भरू लागली.

या एकटेपणात तिने दुसरी प्रसिद्ध गोधडी शिवली. ही पहिलीपेक्षा मोठी आहे. तिच्यावर 15 चौकटी आहेत. हजरत अय्यूब, हजरत मूसा आणि समुद्रात टाकले गेलेले हजरत युनूस यांच्या कथा तिच्यावर आहेत. पण या गोधडीत हॅरिएटने आणखी काही केले. लोकांच्या तोंडून ऐकलेल्या खऱ्या घटनाही तिने कापडावर आणल्या.

नोव्हेंबर 1833 मध्ये एका रात्री अमेरिकेच्या आकाशात उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला होता. जणू आभाळातले सगळे तारे गळून पडत आहेत, असे लोकांना वाटले. जगाचा शेवट आला म्हणून ते घाबरून गेले. हॅरिएट तेव्हा जन्मलीही नव्हती. पण गुलामांच्या वस्तीत त्या रात्रीची आठवण सांगितली जात असे. ती रात्र तिने एका चौकटीत शिवली. 19 मे 1780 रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात भर दिवसा अंधार पसरला होता. जंगलांतल्या वणव्यांचा धूर हे त्याचे कारण होते. तो काळा दिवसही या गोधडीवर आहे. 10 फेब्रुवारी 1895 च्या कडाक्याच्या थंडीने माणसे आणि जनावरे गारठून मेली, तीही चौकट येथे आहे. या थंडीचा अनुभव मात्र तिने स्वतः घेतला होता.

याच गोधडीवर बेट्स नावाची एक डुकरीण आहे. ती जॉर्जियातून निघाली आणि 500 मैल पळत व्हर्जिनियापर्यंत गेली, अशी लोककथा आहे. एवढ्या थोर कथांमध्ये ही डुकरीण कशाला, असे तुम्ही विचाराल. काही अभ्यासकांना तिच्यात मालकाच्या तावडीतून निसटून उत्तरेकडे पळणारे गुलाम दिसतात. जॉर्जियातून उत्तरेकडे पळणे म्हणजे काय, हे गुलाम म्हणून वाढलेल्या हॅरिएटला कोणी सांगायला नको होते.

ही दुसरी गोधडी 1898 मध्ये चार्ल्स कथबर्ट हॉल या धर्मशास्त्राच्या अध्यापकांना भेट मिळाली. हे गृहस्थ पुढे व्याख्याने देण्यासाठी हिंदुस्थानातही येऊन गेले. त्यांच्या कुटुंबाकडून ती एका संग्राहकाकडे गेली आणि 1964 मध्ये बोस्टन शहरातल्या ललित कला संग्रहालयात पोहोचली. पहिली गोधडी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हॅरिएट निरक्षर होती, असे पुष्कळ वर्षे पुस्तकांत लिहिले जात होते. मग तिने 1896 मध्ये लिहिलेल्या एका पत्राची नक्कल मिळाली आणि 2009 मध्ये ती पुस्तकरूपाने सर्वांसमोर आली. तेव्हा कळले, की ती वाचायला शिकली होती आणि त्या कथा तिने नुसत्या ऐकलेल्या नव्हत्या. या दोन गोधड्यांशिवाय तिने आणखीही गोधड्या शिवल्या होत्या, हेही त्याच पत्रातून समजले. आज मात्र दोनच शिल्लक आहेत.

हॅरिएट पॉवर्स 1 जानेवारी 1910 रोजी वारली. अथेन्समधील कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या दफनभूमीत तिला पुरले. पुढे त्या जागेकडे दुर्लक्ष झाले आणि सगळीकडे झाडेझुडपे माजली. तिच्या गोधड्यांसमोर संग्रहालयांत लोक उभे राहत होते, त्या काळात तिची कबर कोठे आहे ते कोणालाच सांगता येत नव्हते. 2005 मध्ये त्या झाडीत तिच्या नावाचा दगड सापडला.