मातीच्या बाहुल्या करणाऱ्या घराण्याचा कुलदीपक : डॉ. भाऊ दाजी लाड

आपल्या कोकणच्या लाल मातीने अनेक नररत्ने दिली. त्यांतील एक थोर नाव म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, पेडणे महालातील मांद्रे हा त्यांचा गाव. १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे जाण्यापूर्वी हा महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे भाऊंना आपल्या पंचक्रोशीतील माणूस म्हणण्यास काहीच हरकत नाही.

१८२२ साली लाडांच्या घरी मुलगा झाला. त्याचे नाव रामकृष्ण. घरात त्याला भाऊ म्हणत. वडील विठ्ठलराव यांना सारे दाजी म्हणत. पुढे बापलेकांची ही घरगुती नावे जोडली गेली आणि भाऊ दाजी हेच नाव जगाला ठाऊक झाले. घराणे सारस्वत, पण परिस्थिती बेताची. शेती करावी आणि मातीच्या बाहुल्या करून विकाव्या, यावर दाजींचा संसार चाले. पावसाळ्यात शेत आणि उघडिपीत हातचा धंदा, अशी दुहेरी मेहनत केल्यावाचून कोकणातील गरिबाची चूल त्या काळी पेटत नसे.

मुलाची बुद्धी तल्लख होती. बुद्धिबळातील त्याचे कौशल्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह धरला, असे सांगतात. दाजींनी तो मानला. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावरून मुंबईस जायचे म्हणजे गलबताचा प्रवास. गावची जमीन सोडून परमुलखात बिऱ्हाड करणे हे अल्प मिळकतीच्या शेतकऱ्यास सोपे नव्हते. तथापि मुलांच्या विद्येसाठी या घराने ते धाडस केले.

त्याचे चीज झाले. भाऊ एल्फिन्स्टन विद्यालयात शिकले व तेथेच शिक्षक झाले. काठेवाडातील बालकन्याहत्येवर लिहिलेल्या निबंधास त्यांना पारितोषिक मिळाले. पुढे १८४५ मध्ये निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला आणि १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या आठ जणांच्या पहिल्या तुकडीत ते होते. धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांतही नारायणरावांची गणना होते. बाहुल्या घडविणाऱ्या बापाचे दोन्ही मुलगे असे नावारूपास आले.

भाऊंचा व्यवसाय मोठा, पण गोरगरिबांकडून ते पैसा घेत नसत. जुन्या वैद्यकग्रंथांचा व झाडपाल्याचा त्यांनी कसोशीने अभ्यास केला. महारोगावर त्यांनी कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा प्रयोग केला. हे झाड आपल्या कोकणातले व सह्याद्रीतले. याच वर्गातील चौलमुग्रा तेल १९४० नंतर नवी औषधे येईपर्यंत जगभर महारोगावर वापरले जात होते.

१८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. मुलींच्या शिक्षणासाठी ते झटले. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले, जुनी नाणी व हस्तलिखिते जमविली.

या कर्तृत्वात दुर्दैवाचा एक मोठा घाव आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहू लागला. १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. त्यात भाऊंची सारी कमाई बुडाली. दारिद्र्यातून वर आलेले हे घर पुन्हा अडचणीत आले. पण गेले ते द्रव्य होते, विद्या नव्हे. भाऊंनी रुग्णसेवा व संशोधन सोडले नाही. संपत्ती गेल्यानंतरच, १८६९ व १८७१ मध्ये, दोनदा मुंबईच्या शेरीफपदाचा मान त्यांना मिळाला. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या राणीच्या बागेतील ज्या वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी वर्गणी जमविली, ते १८७२ मध्ये लोकांस खुले झाले. १९७५ पासून त्यास भाऊंचे नाव आहे. तेथे या मुलखातील कारागीर व नाना जातीजमातींच्या लोकांच्या मातीच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत. आपल्यापैकी कोणी मुंबईस गेले तर त्या अवश्य पाहाव्या. दाजींच्या घरी माती घडविणाऱ्या हातांनीच पोटाला अन्न दिले व मुलांना विद्या दिली, हे त्या वेळी आठवावे.

आज आपल्या वाडीवाडीतून मुले शिक्षणासाठी बाहेर जातात. त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कष्टकरी आईबापास दाजींचा हा वारसा बळ देवो. या थोर घराण्याच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.