समुद्रात सोने शोधणारे हाबर

आमच्या ओसरीवर युरियाची पोती असतात. त्या युरियामागे ज्यांची हुशारी आहे त्या फ्रिट्झ हाबर यांची गोष्ट गुरुजींनी सांगितली. ती ऐकून मला त्यांचे कौतुक वाटले आणि रागही आला.

हाबर यांचा जन्म ९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. हवेतला नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून अमोनिया बनवायची रीत त्यांनी शोधली. त्यासाठी त्यांना १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमोनियापासूनच युरिया होतो. पण पहिल्या महायुद्धात याच माणसाने विषारी वायूचे काम अंगावर घेतले. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये शत्रूच्या सैन्यावर क्लोरीन सोडला. कितीतरी सैनिक गुदमरून मेले.

पुढे जर्मनी हरला. जिंकलेल्या देशांनी १९२१ साली १३२ अब्ज सुवर्ण मार्क भरपाई मागितली. एवढे देणे फेडायचे कसे? हाबर यांना वाटले, समुद्रातून सोने काढू! समुद्राच्या पाण्यात नाना धातू अगदी थोडे थोडे विरघळलेले असतात. एक टन पाण्यात पाच-सहा मिलिग्रॅम सोने आहे, असे तेव्हा समजत. थेंबे थेंबे तळे साचे, असा त्यांचा हिशेब!

१९२३ साली ‘हान्सा’ या प्रवासी जहाजावर गुपचूप प्रयोगशाळा मांडून ते हांबुर्गहून न्यूयॉर्ककडे निघाले. जागोजागचे पाणी तपासले. मग निरनिराळ्या समुद्रांतून हजारो बाटल्या मागवल्या. तपासणी जितकी बारीक होत गेली तितके सोने कमीच दिसू लागले. सरासरी निघाली टनाला ०.००४ मिलिग्रॅम, म्हणजे हजारपटीने कमी! काढायचा खर्च सोन्याहून जास्त. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि १९२७ साली सगळे आकडे छापून टाकले. चूक लपवली नाही, हे मला फार आवडले. आता तर कळले आहे की अटलांटिकमध्ये एक ग्रॅम सोन्यासाठी सुमारे दहा कोटी टन पाणी लागेल.

ज्या देशासाठी एवढे केले, त्या देशात १९३३ साली हिटलरची सत्ता आली. हाबर जन्माने ज्यू होते. ज्यू सहकाऱ्यांना काढून टाका, असा हुकूम आला. हाबर यांनी राजीनामा दिला व देश सोडला. २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे ते वारले.

हाबर चांगले की वाईट, यावरून आमच्या वर्गात दोन तट पडलेत. गुरुजींनी अजून निकाल दिलेला नाही.